लेस विग : शिवावा की चिकटवावा?

केस विकत घेणं सोपं, ते डोक्यावर टिकवणं अवघड. लेस विग घेणाऱ्यापुढे आज ना उद्या हा प्रश्न येतोच: शिवून घ्यायचा की चिकटवून? पार्लरमध्ये विचारलं तर तिथे जे करतात तेच चांगलं असं सांगतात. शिवणारी म्हणते, गोंदानं कातडी जाते. चिकटवणारी म्हणते, दोऱ्यानं केस जातात. दोघींचंही खरं आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

‘जास्त पक्कं काय?’ या प्रश्नानं सुरुवात केली की वाट चुकते. नीट केलेल्या दोन्ही पद्धती पुरेशा पक्क्या असतात. विचारायचं ते असं, की टोपाचा भार उचलतं कोण? शिवलेला टोप तुमच्या केसांच्या मुळांवर लोंबतो, चिकटवलेला कातडीवर बसतो. दोन्ही पद्धतींचे बाकीचे गुणदोष या एका फरकातून निघतात. आणि आपल्याला काय सोसलं हे टोप चढवताना कळत नाही. तो उतरवल्यावर कळतं.

आधी टोप उलटा करून पाहावा

जुन्या धाटणीच्या टोपात केस मशीननं पट्ट्यांवर शिवलेले असत आणि त्या पट्ट्या टोपीला. कपाळावर त्याची कड उठून दिसे, म्हणून ती झाकायला पुढे बटा सोडाव्या लागत. लेस विगमध्ये पुढच्या भागाला अतिशय पातळ जाळी असते. कारागीर बारीक आकड्याच्या सुईनं एकेक, दोनदोन केस त्या जाळीच्या घरात गाठ मारून बसवतो. जाळी कपाळाच्या रंगात मिसळली की केस थेट कातडीतून उगवल्यासारखे दिसतात. फक्त पुढे जाळी असेल तर तो ‘लेस फ्रंट’, सगळीकडे असेल तर ‘फुल लेस’. कानापासून कानापर्यंत जाणारा सुटा तुकडा म्हणजे ‘फ्रंटल’, बहुधा 13 बाय 4 इंचांचा. भांगापुरता लहान तुकडा म्हणजे ‘क्लोजर’.

ही रचना समजली की अर्धं उत्तर हातात येतं. मागच्या भागात कापडी पट्ट्या आणि इलॅस्टिक असतं. तिथे दोरा छान धरतो. पुढच्या जाळीला मात्र दोरा सोसत नाही. सुईनं पडलेलं भोक ताणानं मोठं होतं आणि जाळी फाटते. उलट तीच जाळी गोंदासाठी सोयीची, कारण गोंद तिच्या घरांतून आरपार जाऊन कातडीला धरतो. म्हणजे एकाच टोपाचा मागचा भाग दोऱ्याच्या बाजूचा आणि पुढचा गोंदाच्या. टोप घेताना तो उलटा करून आतली बाजू न पाहणारे पुढे पद्धतीला दोष देतात.

शिवण्याची पद्धत

टोप किंवा केसांच्या पट्ट्या शिवून बसवण्याचं तंत्र मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केशरचनेतून आलं आहे. त्याचा पाया म्हणजे कॉर्नरो: टाळूला लागून जाणाऱ्या, वाटेतले केस उचलत पुढे सरकणाऱ्या बारीक तिपेडी वेण्या. आपली सागरवेणी डोळ्यासमोर आणली आणि ती करंगळीपेक्षाही बारीक करून डोकंभर ओळीनं घातली, तर अंदाज येईल. आफ्रिकेत ही रचना फार जुनी आहे. तिच्यावर विकतचे केस पक्के बसवण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ख्रिस्टिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय केशरचनाकार स्त्रीला 1952 मध्ये मिळालं. त्याआधी जोडकेस मुख्यतः पिनांवर धरलेले असत आणि केव्हाही सरकत. आज ‘वीव्ह’ किंवा ‘सो-इन’ म्हणून जे चालतं त्याची ही सुरुवात.

काम असं चालतं. आधी डोकं धुऊन पूर्ण वाळवतात आणि वेण्या घालतात. वर पातळ जाळीची टोपी शिवतात, म्हणजे दोरा थेट केसांवर घासत नाही. मग टोप चढवून अर्धचंद्राकृती सुई आणि जाड दोरा घेतात. सुई वेणीच्या खालून वळसा घालून जाते, टोपाच्या पट्टीतून वर येते आणि दोऱ्याच्याच फासातून काढून ओढली जाते. शर्टाच्या काजाला घालतात त्याच जातीचा टाका. प्रत्येक टाका आपल्यापुरता अडकतो, त्यामुळे एखादा तुटला तरी सगळी ओळ उसवत नाही. कसबी हात वेणीला वळसा घालतो, वेणीत सुई खुपसत नाही. खुपसली की आतले केस तुटतात आणि ते टोप काढेपर्यंत कुणाला दिसत नाही. वेण्या धरून या सगळ्याला तीन-चार तास सहज लागतात.

फायदे उघड आहेत. घाम, पाऊस, नाच, पोहणं यांत टोप हलत नाही. कातडीला रसायन लागत नाही. रोज काढ-घाल नाही. साधारण चार ते सहा आठवडे, फार तर आठ, तो डोक्यावर राहतो. खालचे केसही तेवढे दिवस कंगवा, ड्रायर आणि इस्त्रीपासून सुटतात. म्हणून केस वाढवण्यासाठीही अनेक जणी ही पद्धत घेतात.

मेख मुदतीत आहे. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे सहा आठवड्यांनी वेणी टाळूपासून दीड सेंटिमीटर वर आलेली असते आणि टोपाचं वजन आता त्या लांबलेल्या केसांवर तरफेसारखं काम करतं. मान वळवली, उशीवर कूस बदलली की मुळांना हिसका बसतो. पहिल्या आठवड्यात सुरक्षित असलेली शिवण आठव्या आठवड्यात घातक ठरते ती अशी. पैसे वसूल व्हावेत म्हणून ‘अजून एक महिना चालेल’ म्हणणं हा या पद्धतीतला सगळ्यात महाग हिशेब.

दुसरी अडचण न्हाण्याची. शिवलेला टोप डोक्यावरच धुता येतो, पण खालच्या वेण्या वाळायला फार वेळ घेतात. कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या हवेत त्या नुसत्या पंख्याखाली बसून वाळत नाहीत. ओल राहिली की वास, खाज आणि कोंडा. गरम हवेच्या ड्रायरखाली मुळापर्यंत वाळवण्याची सोय नसेल, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात ही पद्धत जड जाते.

चिकटवण्याची पद्धत

गोंदाचं मूळ रंगभूमीवर आहे. झाडाचा राळेसारखा चीक अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला ‘स्पिरिट गम’ एकोणिसाव्या शतकापासून नटांच्या दाढीमिशा आणि टोपाच्या कडा धरतो आहे. मराठी नाटकाच्या मेकअपरूममध्येही त्याचा वास ओळखीचा. पण नाटकाचा टोप पडदा पडल्यावर तासाभरात उतरतो. शिवाय तिथे नटाचे स्वतःचे केस टाचून-दाबून बसवलेले असतात, टोपाचं वजन पिना उचलतात आणि गोंद फक्त कपाळ-कानशिलांची कड दाबून धरतो. गोंद तीन-चार आठवडे सतत अंगावर ठेवायची कल्पना नंतरची, आणि तिच्यासाठी रसायनंही वेगळी लागली.

आज बाजारात जे गोंद मिळतात त्यांच्या ठळक जाती दोन. पाण्यावर आधारलेले अॅक्रिलिक गोंद पांढरे असतात आणि वाळले की पारदर्शक होतात. वास कमी, काढायला सोपे, घामाला मात्र हळवे. सॉल्व्हंटवर आधारलेले गोंद घामाला जास्त दाद देत नाहीत, पण वास उग्र आणि काढायला खास द्रव लागतो. यांशिवाय कृत्रिम अवयव आणि सिनेमाच्या मेकअपसाठी वापरले जाणारे सिलिकोनचे गोंद आहेत, आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आहे. केसांच्या पट्ट्या चिकटवायला मिळणाऱ्या काही स्वस्त काळ्या गोंदांत रबराचा चीक, म्हणजे लॅटेक्स असतो. ज्यांना रबरी हातमोज्यांचं वावडं आहे त्यांनी त्याला हात लावू नये.

चिकटवण्यात खरी कसोटी धीराची. कपाळ तेलकट असेल तर गोंद धरत नाही, म्हणून आधी अल्कोहोलनं पुसून कोरडं करतात. मग केशरेषेच्या पुढे, फक्त उघड्या कातडीवर, गोंदाचा पातळ थर. तो वाळून चिकट होईपर्यंत थांबायचं, मग दुसरा, कधी तिसरा. ओल्या गोंदावर जाळी टेकवली की गोंद वर येतो, पांढुरका डाग पडतो आणि पकडही कमजोर होते. जाळी बसवल्यावर कंगव्याच्या पाठीनं दाबून वरून पट्टा बांधतात, पंधराएक मिनिटांनी सोडतात. सगळ्यात मोडला जाणारा नियम एकच: गोंद केसांवर जाऊ द्यायचा नाही. कपाळावरचे बारीक केस त्यात अडकले तर टोप काढताना तेही मुळासकट येतात. म्हणजे ज्या भीतीनं दोरा टाळला, ती गोष्ट गोंदानंच घडते.

आणि काढताना ओढायचं नाही. काढायचा द्रव किंवा तेल कडेनं सोडून गोंद मऊ होईपर्यंत थांबायचं. ओढून काढलेल्या टोपासोबत कातडीचा वरचा थर सोलला जातो. पुढचा थर त्याच सोललेल्या जागेवर लागतो आणि मग आग, पुरळ, केसतोड. कातडी स्वतःचे मेलेले थर सतत टाकत असते. खाली तेल आणि घाम सुटत असतो. म्हणून कितीही महाग गोंद असला तरी त्याची पकड खालून सुटत जाते. बाटलीवर आठवड्यांची हमी असते. तेलकट कातडीच्या माणसाला मे महिन्यात चार दिवसही मुश्किलीनं मिळतात.

डॉक्टर काय सांगतात

सतत ताणानं केस जाण्याला त्वचारोगतज्ज्ञ ‘ट्रॅक्शन अॅलोपेशिया’ म्हणतात. 1907 मध्ये ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याची नोंद झाली. पुढे घट्ट जुडा बांधणाऱ्या शिखांमध्ये, बॅले नर्तकींमध्ये, परिचारिकांच्या टोप्यांच्या पिनांखाली तो दिसला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात सुमारे एक तृतीयांश आफ्रिकन-अमेरिकी स्त्रियांना हा त्रास होत असावा असा अंदाज मांडला. घट्ट वेण्या आणि वीव्ह या गोष्टी त्यात जास्त धोक्याच्या गटात आहेत, विशेषतः आधी रसायनानं सरळ केलेल्या केसांवर.

याची खूण आरशात पाहता येते. कानशिलावर केस विरळ होत मागे सरकतात, पण अगदी पुढच्या कडेला बारीक लवेची झालर शिल्लक राहते, कारण ती लव वेणीत सापडलेलीच नसते. इथे थांबलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर मुळांच्या जागी व्रण होतात आणि मग काही उगवत नाही. वेण्या घातल्यावर डोकं ठणकलं, भुवया ताणल्यासारख्या वाटल्या, मुळाशी पुळ्या आल्या, तर त्या वेण्या त्याच दिवशी सोडायच्या. ‘दोन दिवसांत बसतं’ हा सल्ला केस घालवणारा आहे.

गोंदाच्या बाजूला वावड्याचं प्रकरण. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्ये अॅक्रिलेट रसायनांना ‘वर्षाचं अॅलर्जन’ ठरवलं होतं. ही रसायनं कृत्रिम नखांतही असतात. एकदा शरीरानं त्यांचं वावडं धरलं की ते सहसा सुटत नाही. म्हणून नवा गोंद आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर लावून दोन दिवस पाहायचा. घरातला दुसरा कुठलाही गोंद ‘तोही गोंदच’ म्हणून वापरायचा नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका स्त्रीनं केसांचा स्प्रे संपला म्हणून कारागिरीचा स्प्रे गोंद केसांवर मारला. तो कित्येक आठवडे निघेना. शेवटी प्लॅस्टिक सर्जननं भूल देऊन काढला. ती बातमी जगभर चेष्टेचा विषय झाली, पण धडा साधा होता: कातडीसाठी न बनवलेला गोंद कातडीवर लावायचा नाही.

दोन्ही पद्धतींना लागू असलेली एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. मेंदूचा आलेख काढताना टाळूला इलेक्ट्रोड टेकावे लागतात आणि पक्क्या टोपाखाली ते टेकत नाहीत. एमआरआयच्या आधी क्लिपा आणि पिना असलेला टोप उतरवावाच लागतो. ज्याला अशा तपासण्या वारंवार कराव्या लागतात, त्याच्यासाठी महिनाभर न निघणारा टोप ही सोय नाही.

कुणासाठी काय

आता माणसं घेऊ, कारण पद्धत टोपाला लागते त्याहून जास्त डोक्याला लागते.

ज्यांचे केस दाट आणि निरोगी आहेत, आणि केवळ रूप बदलायचं आहे, त्यांना शिवणं सोसतं. अट एवढीच की केशरेषेलगतचे केस वेणीत न घेता मोकळे सोडावेत, मुदत पाळावी आणि दोन टोपांच्या मध्ये काही आठवडे डोकं रिकामं ठेवावं.

चाई पडून सगळे केस गेलेल्यांना शिवणं शक्यच नाही. दोरा कशाला अडकवणार? त्यांच्यासाठी गोंद, टेप किंवा डोक्याच्या मापाचा घट्ट बसणारा टोप हे मार्ग. केसच नसल्यानं ते गोंदात अडकण्याची भीतीही नाही. मात्र मधूनमधून केस परत येत असतील तर त्या जागी गोंद लावून नव्या उगवणीला त्रास देऊ नये.

केमोथेरपी चालू असलेल्यांनी दोन्हींपासून लांब राहावं. केस जाणाऱ्या औषधांत पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत केस गळू लागतात. टाळू हळवी होते, साध्या ओरखड्याला संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी मऊ अस्तराचा, पट्ट्यानं घट्ट-सैल करता येणारा टोप बरा. आणि घरी आल्यावर तो काढून ठेवणं हेच मोठं सुख. मुंबईत दान केलेल्या केसांचे टोप कर्करुग्णांना विनामूल्य देणाऱ्या संस्था आहेत. तिथेही बसवायला सोपा टोप मागावा. डोक्याला किरणोपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या भागाला काहीही चिकटवू नये.

महाराष्ट्रातल्या शहरांत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मात्र वेगळं आहे: टकलावर ‘हेअर पॅच’ लावणारे पुरुष. दुकानाच्या पाटीवर बाँडिंग, टेपिंग, क्लिपिंग आणि वीव्हिंग हे चारही शब्द सापडतात. इथे वीव्हिंग म्हणजे कानांच्या वरून मागे गेलेल्या उरलेल्या केसांची कड विणून तिच्यावर पॅच शिवणं. ही कडच पुरुषाची शेवटची शिल्लक. तिच्यावर सगळा भार टाकणं म्हणजे मुद्दलाला हात घालणं. म्हणून पुढे टेप किंवा गोंदाची पट्टी आणि बाजूंना क्लिपा ही जोडी बहुतेकांना सोसते. क्लिपांच्या जागाही अधूनमधून बदलाव्या लागतात, नाहीतर नेमक्या तिथेच टक्कल पडतं. दर तीन-चार आठवड्यांनी लागणारी ‘सर्व्हिस’, म्हणजे पॅच काढणं, धुणं, टाळू साफ करणं आणि परत बसवणं, हा खर्च पॅचच्या किमतीत धरलेला नसतो. तो आधी विचारावा.

मधले रस्ते

अनुभवी कारागीर बरेचदा दोन्ही वापरतात: मागे आणि बाजूंना टाके, पुढच्या जाळीला गोंदाची बारीक रेघ. जाळीच्या रचनेशी हे सुसंगत आहे आणि भारही वाटला जातो. तोटा एवढाच की देखभालही दोन्हींची करावी लागते. पुढचा गोंद आठवड्यात सुटतो, मागचे टाके महिनाभर राहतात, आणि मधल्या काळात पुढची कड न काढता तिच्यावर गोंदाचे थर चढवत जाण्याचा मोह होतो.

अलीकडे कल मात्र तिसरीकडे झुकला आहे. जाळी आधीच कापून दिलेले, आत इलॅस्टिकचा पट्टा आणि कंगवे असलेले बिनगोंदाचे टोप आले आहेत. सकाळी चढवायचे, रात्री उतरवायचे. मखमली किंवा सिलिकोनचा पट्टा कपाळाभोवती बांधला की घर्षणावरच टोप बसतो. आपल्या आज्या गंगावन वेणीत गुंफून घ्यायच्या आणि रात्री काढून ठेवायच्या; रोज उतरणाऱ्या केसांची सोय मराठी घराला अनोळखी नाही. नाचताना, वाऱ्यात, स्कूटरवर हेल्मेट काढताना असा टोप दगा देऊ शकतो. पण केस आणि कातडी दोन्ही वाचवायची तर हाच सर्वांत कमी जोखमीचा मार्ग.

या सगळ्या उलाढालीत आपलाही धागा आहे. जगभरच्या टोपांतले बरेचसे मानवी केस भारतातून जातात आणि तिरुमला देवस्थानात अर्पण केलेल्या केसांचा लिलाव हा त्यातला प्रसिद्ध स्रोत. ख्रिस रॉक या अमेरिकी विनोदकारानं 2009 मधल्या ‘गुड हेअर’ या माहितीपटात अमेरिकेतल्या सलूनपासून भारतातल्या मुंडनापर्यंतचा हा रस्ता दाखवला आहे. केस इथून गेले, ते बसवण्याची विद्या तिथे घडली, आणि आता ती पॅचच्या दुकानांतून इकडे परत येते आहे. येताना तिथल्या चुकाही सोबत येऊ नयेत, एवढं पाहायला हवं.

निवड करताना

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझा कौल असा. रोज उतरवता येणारा टोप चालत असेल तर तोच घ्यावा. तो चालत नसेल तर, केस दाट असतील आणि मुदत पाळण्याची शिस्त असेल, तर शिवावा. केस विरळ असतील किंवा नसतीलच, आणि कातडी धडधाकट असेल, तर चिकटवावा. केसही अशक्त आणि कातडीही हळवी असेल तर दोन्ही नकोत, मग दुकानदार काहीही म्हणो. लग्न, शूटिंग असा एखाद-दोन दिवसांचा प्रसंग असेल तर महिनाभर टिकणारं काही डोक्यावर चढवण्यात अर्थ नाही. नाटकवाल्यांसारख्या पिना आणि कडेपुरता गोंद पुरतो.

आणि पैसे देण्याआधी दुकानात तीन गोष्टी विचाराव्या. काढणार कसा, कुणाकडून आणि किती वेळात? दोऱ्यात किंवा गोंदात नेमकं काय आहे, बाटली दाखवाल का? आणि मधेच आग किंवा ठणका सुरू झाला तर त्याच दिवशी उतरवून द्याल का, वेगळे पैसे न घेता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी तयार असतात. तिसऱ्याला ज्या दुकानात लगेच ‘हो’ मिळेल, तिथे टोप शिवूनही घ्यावा आणि चिकटवूनही.